खंडेनवमीची शर्यत

रिटायर झाल्यावर पुरुष काय काय करतात, याची मंदाकिनीबाईंना चांगली कल्पना होती. कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीत दर वर्षी एखादे तरी गृहस्थ रिटायर व्हायचे. कुणी सकाळी बागेत जाऊन मोठमोठ्याने हसायचे, कुणी शेअर बाजारात हात पोळून घ्यायचे, कुणी बायकोच्या स्वयंपाकघरात शिरून डब्यांची जागा बदलायचे. जयवंतरावही यातलं काहीतरी करतील आणि आपण ते सोसू, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी जयवंतराव टेम्पोतून एक गंजका सांगाडा घेऊन उतरले, तेव्हा मात्र ती तयारी पुरी पडली नाही.

सांगाड्याला दोन चाकं होती, म्हणून त्याला मोटरसायकल म्हणायचं. सीट उंदरांनी कुरतडलेली, टाकीला पोचे, आणि पुढे दिवा असायला हवा तिथे नुसती हवा.

"हिला दिवा कुठाय?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"हिला दिवा नसतोच. ही रस्त्यावरची गाडी नाही."

"मग कुठली आहे?"

जयवंतराव एकदम टेम्पोवाल्याशी गुजरातीत बोलण्यात गुंतले. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर एवढं उत्तर पुरतं.

ती मोटोक्रॉसची गाडी होती. उंचसखल मैदानात, मातीची टेकाडं रचून, त्यांवरून उड्या मारत शर्यत लावायची, त्या खेळातली. नाव सीझेड, जन्म चेकोस्लोव्हाकियात, वय पन्नाशीच्या घरात. ज्या देशात ती बनली, तो देशसुद्धा आता नकाशावर उरला नव्हता, पण जयवंतरावांना ती सापडली होती.

मंदाकिनीबाईंनी हा खेळ एकदाच पाहिला होता. तेव्हा लग्नाला वर्ष होत आलं होतं. जयवंतराव कोयलीच्या रिफायनरीत नुकते लागले होते आणि सुट्टीच्या दिवशी पोलो ग्राउंडवर मित्राची यझ्दी शर्यतीत पळवायचे. सहावा महिना लागलेल्या मंदाकिनीबाई दोरीपाशी शेंगा खात उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत यझ्दी टेकाडाच्या एका बाजूला पडली, नवरा दुसऱ्या. खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात त्या "पुन्हा नाही" एवढंच बोलल्या. जयवंतरावांनी मान हलवली आणि पुन्हा खरोखरच नाही. कुरकुर नाही, टोमणा नाही, पोलो ग्राउंडवरून जाताना साधं वळून बघणं नाही. अमोघ झाला, वाढला, शिकून बंगळूरला गेला. मंदाकिनीबाईंना वाटलं, हौस होती, फिटली. टेम्पोतून तो सांगाडा उतरवून घेताना नवऱ्याचं तोंड बघितल्यावर त्यांना कळलं की ती फिटली नव्हती. आपण दोन शब्द बोललो आणि हा माणूस पस्तीस वर्षं गप्प बसला. हे त्यांना फार लागलं, आणि लागलं म्हणूनच त्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ जास्त पडल्याचा राग त्या गाडीवर काढला.

गाडी मिळाली तीही जयवंतरावांच्या खास रीतीने. डभोईच्या बाजूला समरजित नावाच्या तरुण जमीनदाराच्या वाडीत ती गवताखाली पडून आहे, अशी खबर त्यांचे रिफायनरीतले जुने सोबती नंदू यांनी आणली होती. समरजित म्हणाला, "काकासाहेबांची गाडी आहे, विकायची नाही." जयवंतरावांनी मान डोलावली, चहा घेतला, आणि निघता निघता विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकून म्हणाले, "याचं बेअरिंग गेलंय. महिनाभरात बंद पडेल." तो महिन्याच्या आतच बंद पडला. आयुष्यभर पंपच दुरुस्त केलेल्या माणसाने मग वाडीत जाऊन तो पंप उघडला, बेअरिंग बदललं, शाफ्ट सरळ करून आणला, आणि पाणी सुरू झाल्यावर तो हात धुऊन चहाला बसला. समरजित म्हणाला, "काका, तुम्ही ती खरंच चालवणार असाल, तर घेऊन जा. शोभेला ठेवणार असाल, तर नाही देणार." "चालवणार," जयवंतराव म्हणाले. घरी हे संभाषण सांगताना शेवटचा शब्द त्यांनी गाळला. तो नंदूभावजींकडून कळला.

मग पार्किंगमध्ये कारखाना सुरू झाला. जयवंतरावांना रिफायनरीच्या सवयी सुटता सुटत नव्हत्या. गाडीला त्यांनी पुठ्ठ्याची पाटी बांधली: "काम चालू आहे. सुरू करू नये." जी गाडी तिच्या मालकालाही सुरू करता येत नव्हती, ती सोसायटीतलं कोण सुरू करणार होतं, हे मंदाकिनीबाईंनी विचारलं नाही. पिस्टन पुण्याच्या जुन्या बाजारातून आला, रिंगा कोल्हापुरातून. मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं, चाक काढायला जे पुलर नावाचं हत्यार लागतं, ते मात्र कुठेच मिळेना, कारण त्या चाकाचे आटे जगावेगळे. शेवटी जयवंतराव मकरपुऱ्याच्या एका लेथवाल्यापाशी दिवसभर बसले आणि त्यांनी ते स्वतः माप देऊन कातून घेतलं. मुठीत मावेल एवढं ते चकचकीत हत्यार त्यांनी घरात आणून सगळ्यांना दाखवलं. सगळ्यांना म्हणजे मंदाकिनीबाईंना आणि व्हिडिओ कॉलवर अमोघला.

"आई, तू बाबांना काही बोलत नाहीस?" अमोघने विचारलं.

"एकदा बोलले होते," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि विषय बदलला.

गाडी सुरू झाली त्या सकाळी निळ्या धुराने अख्खं पार्किंग भरलं. पहिल्या मजल्यावरचे पटेल बाल्कनीत येऊन खोकत म्हणाले, "जयवंतभाई, मच्छर मारवानी दवा छांटो छो के?" जयवंतराव इतके खुश होते की त्यांनी हो म्हणून टाकलं.

त्यानंतर गाडी ट्यून करायचं प्रकरण निघालं. पेट्रोलमध्ये तेल किती, कार्बोरेटरमधून हवा किती, हे जमलंय की नाही ते म्हणे प्लगच्या रंगावरून कळतं. जयवंतराव समा-सावली रस्त्याच्या बाजूच्या एका माळावर पहाटे फेरी मारायचे, प्लग खोलायचे आणि रुमालात गुंडाळून स्वयंपाकघरात आणायचे. चष्मा लावूनही त्यांना रंगातला फरक नीट कळायचा नाही. "काळा म्हणजे तेल जास्त. पांढरा म्हणजे इंजिन जळतंय. बदामी हवा. बघ ना, मंदा, हा बदामी आहे का?"

मंदाकिनीबाई हात पुसून प्लग खिडकीपाशी धरायच्या. "नाही. कच्चा आहे अजून. शिऱ्याचा रवा भाजत आला की जो रंग येतो, तो नाही आला."

मग पुन्हा कार्बोरेटर, पुन्हा माळ, पुन्हा स्वयंपाकघर. असे कित्येक प्लग बघितल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, "आता झाला. आता खाली उतरवा." जयवंतरावांनी ते सेटिंग तसंच कायम केलं. शर्यतीच्या गाडीला आपण हातभार लावतोय, हे मंदाकिनीबाईंच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण प्लग बघायला काय जातं, असं त्या स्वतःला सांगायच्या.

शर्यतीची बातमी आली तेव्हा मात्र स्वतःला सांगण्यासारखं काही उरलं नाही. गोत्रीच्या पुढे सेवासीकडे एका मोकळ्या जागेत काही तरुण मुलं मोटोक्रॉस भरवणार होती. त्यात जुन्या गाड्यांचा वेगळा गट होता, आणि त्या गटात साठ वर्षांपर्यंतच्यांनाच प्रवेश होता. जयवंतरावांना डिसेंबरात एकसष्ट पूर्ण होणार होती. म्हणजे ही एक शर्यत. पुढच्या वर्षी गाडी चालली असती, जयवंतराव नाही.

"मी अडवणार नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण बघायला येणार नाही. माझ्याच्याने नाही बघवणार."

"बरं," जयवंतराव म्हणाले. एवढंच. त्यांचं "बरं" ऐकलं की मंदाकिनीबाईंना भांडायला काही धरायला सापडायचं नाही.

आणि मग तारीख कळली. भरवणाऱ्या मुलांनी नवरात्राची सुट्टी बघून नवमीचा दिवस ठरवला होता. त्यांच्या लेखी तो गरब्याच्या शेवटच्या रात्रीचा दिवस, दुपारभर मोकळाच. जयवंतराव शिर्क्यांच्या घरात तो दिवस खंडेनवमीचा.

जयवंतराव एरवी फारसे देवाधर्माचे नव्हते. पण खंडेनवमी त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्यांचे वडील अण्णा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. हत्यारं वर्षभर आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांना विसावा द्यायचा, हा अण्णांचा नियम. सकाळी पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, स्वतःच्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. जयवंतरावांनी रिफायनरीत असताना दर वर्षी त्या दिवसाची रजा टाकली होती. वरिष्ठांना कारण पटायचं नाही, पण रजा मिळायची.

आता काय करावं, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग जेवताना निकाल जाहीर केला. "हत्यारांची पूजा नवमीला. वाहनांची पूजा दसऱ्याला. गाडी हे वाहन आहे. म्हणजे नवमीला गाडी चालवायला हरकत नाही. फक्त हत्यारं न्यायची नाहीत."

"देवाशी वकिली करताय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आणि वाटेत काही बिघडलं तर?"

"मी बसवलेली गाडी आहे ती," जयवंतराव म्हणाले.

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी खंडेराव मार्केटमधून झेंडू आणला, रात्री सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन पुसली. नवमीला सकाळी देवघरासमोर पाट मांडला, त्यावर लाल कापड, त्यावर पाने, पकडी, हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध तो नवा पुलर. मंदाकिनीबाईंनी रांगोळी काढली, हळदकुंकू वाहिलं. जयवंतरावांनी पाटाला डोकं टेकवलं, आणि उठून हेल्मेट उचललं. दारातून मागे वळून म्हणाले, "येतो." नंदू खाली टेम्पो घेऊन थांबले होते.

मंदाकिनीबाई पुरण वाटायला बसल्या. वाटून झालं, तरी वाटतच राहिल्या.

फोन आला तेव्हा हात पुरणाचेच होते. नंदूभावजींचा फोन.

"वहिनी, काळजीचं काही नाही. कोण पडलं-बिडलं नाही. गाडी बंद पडली. सरावाची फेरी मारताना ठिणगीच गेली. मॅग्नेटोच्या आतला स्क्रू ढिला झालाय असं वाटतंय, पण ते चाक काढल्याशिवाय आत हात जात नाही. इथं पोरांकडे चार-पाच पुलर आहेत, एकाचे पण आटे बसत नाहीत."

"मग?"

"मग काय, आपला पुलर पूजेत. माझी पण हत्यारं पूजेत. जयवंता तुम्हाला फोन करू नको म्हणाला. टायरवर बसलाय नुसता. आमच्या गटाला अजून दीडेक तास आहे. मी म्हटलं, सांगून तर ठेवू."

फोन ठेवून मंदाकिनीबाई देवघरासमोर आल्या. समई जळत होती. पुलर झेंडूच्या फुलांत बसला होता.

काहीच करायचं नव्हतं. फक्त स्वयंपाकघरात परत जायचं, पोळ्या लाटायच्या, आणि तासाभराने जयवंतराव धडधाकट घरी आले असते, हातपाय धुऊन पानावर बसले असते. कुणी मंदाकिनीबाईंना नाव ठेवलं नसतं. जयवंतरावांनी तर नसतंच ठेवलं. देवाचं कारण होतं, अण्णांचा नियम होता. या खेपेला त्यांना दोन शब्दसुद्धा बोलावे लागणार नव्हते. आणि हेच त्यांना सोसवेना. पहिल्या वेळी निदान आपण तोंडाने बोललो होतो. आता गप्प राहून तेच करायचं आणि वर पुरणपोळी वाढायची, एवढा कोडगेपणा आपल्याच्याने होणार नाही, असं त्यांना स्वच्छ वाटलं. भीती तर होतीच. डोळ्यांसमोर ती यझ्दी होती आणि ते टेकाड होतं.

त्यांनी हात धुतले. अक्षता घेतल्या, हत्यारांवर वाहिल्या आणि पाट दोन्ही हातांनी धरून जरासा उत्तरेला सरकवला. "लवकर उठवतेय," त्या म्हणाल्या, "माणूस अडलाय." मग कुठलं हत्यार लागेल ते नेमकं ठाऊक नसल्याने लाल कापडाची चारही टोकं एकत्र करून, फुलांसकट सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि गॅस बंद केल्याची दोनदा खात्री करून बाहेर पडल्या.

रिक्षावाल्याने गाठोड्याचा खणखणाट ऐकून विचारलं, "बेन, मंदिरे जवुं छे?"

"सेवासी. जरा जल्दी लेजो, भाई."

मैदानावर धूळ, भोंगे आणि तरुण पोरांची गर्दी. पैठणी नेसलेली बाई गाठोडं घेऊन मातीतून येताना बघून पोरांनी आपोआप वाट करून दिली. जयवंतराव अजून टायरवर बसले होते. त्यांनी वर बघितलं, आणि आधी त्यांना वाटलं घरी काहीतरी झालं.

"काही झालेलं नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि गाठोडं त्यांच्यापुढे सोडलं. झेंडू घरंगळत गाडीखाली गेला.

जयवंतराव म्हणाले, "मंदा, आज हात लावायचा नसतो."

"उत्तरपूजा करून आणलीत. मोकळी आहेत ती."

"उत्तरपूजा उद्या असते."

"या वर्षी आज झाली."

जयवंतरावांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "नाही जमायचं मला," ते हळूच म्हणाले. "अण्णांचं आहे ते."

आपल्याला राग येईल असं मंदाकिनीबाईंना वाटलं होतं, पण आला नाही. उलट हा माणूस फार आवडला. इतका आवडला की लोक होते म्हणून बरं. त्यांनी पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि गाडीशेजारी खाली बसल्या.

"अण्णा माझे सासरे होते. त्यांनी मला कधी मनाई केली नव्हती. सांगा, कुठून फिरवायचं?"

नंदू हसू दाबायला दुसरीकडे बघू लागले. जयवंतराव गुडघे धरून त्यांच्या शेजारी बसले आणि सांगू लागले. हे पुढचं झाकण, त्याचे स्क्रू. आता पुलर आत बसव, हाताने, जोर नको, आटे आपोआप धरतील. धरले? आता मधला बोल्ट, एकोणीसचा पाना, तो नव्हे, त्याच्या शेजारचा. फिरव. अजून. मंदाकिनीबाईंनी पान्यावर दोन्ही हातांनी भार दिला. पाना हलेना. भोवती जमलेल्या पोरांपैकी एक पुढे झाला, "आंटी, हुं करी दउं?"

"रहेवा दे, दीकरा," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि श्रावणात पुरणयंत्रावर लावतात तेवढा सगळा जोर लावला. टक्क असा आवाज झाला आणि चाक सुटून हातात आलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत खरोखर एक स्क्रू ढिला होता. जयवंतराव चष्म्यातून वाकून बघत म्हणाले, "मीच नीट आवळला नव्हता." नंदू म्हणाले, "लिहून घे रे कुणीतरी, असं पुन्हा ऐकायला मिळायचं नाही." मंदाकिनीबाईंनी पट्टीने मॅग्नेटोमधल्या टोकांची फट मापली, स्क्रू आवळला, जयवंतरावांनी "अजून थोडा" म्हटल्यावर अजून थोडा आवळला, चाक परत बसवलं. त्यांच्या नखांत काळं तेल गेलं, पैठणीच्या काठाला डाग पडला. जयवंतरावांनी किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि निळा धूर सगळ्यांच्या तोंडावर आला.

जुन्या गाड्यांच्या गटात नऊ जण होते. झेंडा पडला आणि नऊच्या नऊ धुळीत गेले. मंदाकिनीबाई दोरीपाशी नंदूंच्या शेजारी उभ्या होत्या. पहिल्या टेकाडाला त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा धूळच होती, आणि धुळीतून एकेक गाडी बाहेर येत होती. सहावी सीझेड. जयवंतराव पाय ठेवायच्या दांड्यांवर उभे, कोपरं बाहेर, पाठ वाकलेली. घरी जिना चढताना कण्हणारा माणूस तो हाच, हे त्यांना खरं वाटेना.

दुसऱ्या फेरीला त्यांनी डोळे मिटले नाहीत. गाडी टेकाडावर चढली, दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. मग गाडी खाली आली, वाकडी झाली, सरळ झाली आणि पुढे गेली.

शेवटच्या फेरीत ते अगदी दोरीजवळून गेले, हात लांबवला असता तर लागला असता इतके जवळून. हा माणूस लग्न झाल्यापासून प्रत्येक गोष्ट मंदाकिनीबाईंच्या तोंडाकडे बघून करत आला होता. पडद्याचं कापड निवडताना, नातेवाइकाकडून उठताना, जेवताना भात पुन्हा घेताना, आधी एक नजर त्यांच्याकडे. चालेल ना, अशी. आता तो समोरून गेला आणि त्याने पाहिलं नाही. हेल्मेटमधून दिसणारे डोळे पुढच्या वळणावर होते. तिथे त्याला विचारायचं कुणी नव्हतं, कुणी नको होतं, आणि ते डोळे इतके आनंदात होते की मंदाकिनीबाईंना रडूच फुटलं.

"वहिनी," नंदू म्हणाले, "धूळ गेली का डोळ्यात?"

"नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "रडतेय. पस्तीस वर्षं नुसता बसवून ठेवला मी याला." आणि डोळे न पुसता त्या दोरीवरून वाकून बघू लागल्या, कारण सीझेड पाचव्या गाडीच्या अगदी मागे लागली होती.